सिस्टर व्हायचं राहून गेलं, म्हणून का?

वाचकाचं पत्र (संक्षिप्त): “माझं वय ४३. वसईला राहते, अंधेरीला एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. बारावीनंतर मला सिस्टर, म्हणजे मठातली धर्मभगिनी व्हायचं होतं. पप्पांनी ठाम नकार दिला. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली. दोन वर्षांपूर्वी एका रिट्रीटमध्ये (प्रार्थना शिबिरात) प्रापंचिक फ्रान्सिस्कनांची, म्हणजे संसारात राहून संत फ्रान्सिसच्या वाटेने जगणाऱ्यांच्या संघाची, ओळख झाली आणि तेव्हापासून आपणही त्यांच्यात जावं असं सारखं वाटतंय. मिस्टर म्हणतात, ‘आई अंथरुणाला, मुलगी दहावीला, आणि तुला आता कसलं पाचारण?’ त्यांच्या फ्रॅटर्निटीच्या (स्थानिक गटाच्या) ताई म्हणाल्या, घडणीला, म्हणजे प्रवेशाआधीच्या तयारीला, दीड-दोन वर्षं लागतील. मी लहानपणापासून रोज रोझरीची माळ म्हणते, रविवारची मिस्सा कधी चुकवलेली नाही. मग इतका वेळ कशाला? आणि खरं सांगू, कधी कधी मलाच शंका येते. ही हाक देवाची की राहून गेलेल्या इच्छेची? नाहीतरी प्रापंचिकांना संघात दुय्यमच स्थान असणार ना?”

प्रिय भगिनी,

तुमच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच आहे. देवाची हाक की राहून गेलेली इच्छा, असे दोन कप्पे करून तुम्ही स्वतःची उलटतपासणी घेत आहात. हे दोन कप्पे इतके वेगळे नसतात. अठराव्या वर्षी जी ओढ लागली ती खोटी होती असं मानायचं काही कारण नाही. ती ओढ कशाची होती, हे मात्र आता नव्याने पाहावं लागेल. सिस्टरांच्या त्या घराची होती, की त्या घरात जो भेटेल असं वाटत होतं त्याची?

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे या नजरेने पाहा. त्यांची प्रतिमा आपण लहानपणापासून पाहतो, पण क्रूसावरचं मरण तेवढं लक्षात ठेवतो आणि त्याआधीची वर्षं विसरतो. जन्म १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर ते तरुणपणी जपानला गेले, तिथली भाषा शिकले, धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षं राबले. त्यांना जेझुइट व्हायचं होतं. तो प्रवेश त्यांना मिळाला नाही. मग ते व्यापारात शिरले आणि त्यात त्यांचा चांगला जमही बसला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कनांच्या सहवासात आले आणि तिथे धर्मबंधू झाले. १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला त्यांना क्रूसावर चढवलं. एक दार बंद झालं म्हणून जी वर्षं वाया गेली असं कुणीही म्हणालं असतं, त्याच वर्षांत शिकलेली भाषा पुढे कामाला आली.

पण तुम्हाला गोन्सालोंपेक्षा जवळची वाटेल ती फ्रान्समधली संत झेली मार्टिन. आलाँसाँ गावात रुग्णालयात सेवा करणाऱ्या धर्मभगिनींकडे ती गेली आणि तिथल्या वरिष्ठ भगिनीने तिला घेतलं नाही. तिने लेस विणण्याचा धंदा सुरू केला, हाताखाली कामकरी बायका ठेवल्या. १८५८ साली लुई मार्टिन या घड्याळजीशी तिचं लग्न झालं. त्यालाही एका मठाने लॅटिन येत नाही म्हणून परत पाठवलं होतं! दोघांना नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. झेली फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघाची, म्हणजे आजच्या प्रापंचिक फ्रान्सिस्कनांची, सदस्य होती. तिची पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत वेळेवर पुऱ्या न होणाऱ्या ऑर्डरी, मुलींची दुखणी, थकवा आणि त्या सगळ्याच्या मधोमध देव असं एकत्र येतं. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी या नवराबायकोला एकाच दिवशी संत म्हणून घोषित केलं. ती दोघं संन्याशांची दुय्यम आवृत्ती म्हणून जगली नाहीत. धंदा, संसार, पोरंबाळं हाच त्यांच्या पवित्रतेचा रस्ता झाला.

त्यांच्या उरलेल्या पाचही मुली सिस्टर झाल्या, लिझ्यूची संत तेरेजा त्यांच्यातलीच. हे वाचून तुमच्या मनात भलतंच काही येऊ नये म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगते. तुमचं राहिलेलं मुलीच्या गळ्यात घालू नका. तिला दहावी होऊ द्या, तिचं पाचारण तिला शोधू द्या.

आता ओळखायचं कसं? प्रापंचिक फ्रान्सिस्कन झाल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा आणि त्या चित्रात तुम्ही कुठे आहात ते पाहा. चॅपेलच्या शांततेत, गळ्यात फ्रान्सिस्कनांचा T आकाराचा ताव क्रूस, स्वयंपाकघरापासून आणि सासूबाईंच्या औषधांपासून दोन तास सुटका, असं चित्र येत असेल, तर सध्या तुम्हाला विश्रांती हवी आहे. विश्रांती हवी असणं हे पाप नाही. ती स्पष्टपणे मागावी, तिला पाचारणाचं नाव देऊ नये. पण ऑफिसातली, घरातली, विरार लोकलच्या लेडीज डब्यातली तुम्ही वेगळी झालेली दिसत असाल, आणि त्या बदलाची थोडी भीतीही वाटत असेल, तर पुढे चला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली हेच सांगितलं: प्रापंचिकांचं वैशिष्ट्य असं की जगाच्या व्यवहारात राहूनच त्यांनी देवाचं राज्य शोधायचं. पोप पॉल सहावे यांनी २४ जून १९७८ रोजी मंजूर केलेला सध्याचा फ्रान्सिस्कन प्रापंचिकांचा नियमही शुभवर्तमानाकडून जीवनाकडे आणि जीवनाकडून पुन्हा शुभवर्तमानाकडे जायला सांगतो. घरातून पळून मठाकडे जाण्याचा रस्ता त्यात कुठेही नाही.

रिट्रीटमध्ये जे वाटलं त्यावर विसंबू नका. तिथे सगळ्यांनाच भरून येतं. त्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी, गाडी उशिरा आलेली, साहेब चिडलेले, घरी पाहुणे, अशा दिवशी तीच ओढ कशा रूपात उरते ते पाहा. रोज रात्री दहा मिनिटं द्या. आज कधी मन मोकळं, उदार, हलकं झालं? कधी आकसलं, कडू झालं? दोन-चार ओळी लिहून ठेवा. काही महिन्यांनी मागे वळून वाचाल तेव्हा कल कुठे आहे ते दिसायला लागेल. संत इग्नाती लोयोला यांचा एक जुना सल्लाही जवळ ठेवा: मन कोरडं, उदास असेल तेव्हा आधी केलेला निश्चय बदलू नये. मी त्याला एक जोड देते. मन उंच उडत असेल तेव्हा नवा निश्चयही करू नये.

दुय्यम स्थानाबद्दल विचारलंत. असा गैरसमज आपल्याकडे खूप आहे आणि तो काही प्रमाणात आपणच पोसला आहे. धर्मगुरू पहिल्या रांगेत, सिस्टर दुसऱ्या, आणि प्रापंचिक म्हणजे मंडप घालायला, वर्गणी गोळा करायला. इतिहास मात्र निराळं सांगतो. असिसीकर संत फ्रान्सिस हयात असताना, १२२१ साली, प्रायश्चित्ताचं जीवन जगणाऱ्या विवाहित आणि एकट्या प्रापंचिकांसाठी एक नियमावली तयार झाली. ती अत्यंत व्यवहारी होती. आत येण्याआधी कर्ज फेडा, दुसऱ्याचं काही तुमच्याकडे असेल तर परत करा, शेजाऱ्याशी समेट करा. शस्त्र घेऊन कुणावर चालून जाऊ नका. ऊठसूट शपथा घेऊ नका. दर महिन्याला एक नाणं जमा करा, त्यातून आजारी आणि गरीब सदस्यांना मदत होईल. आणि प्रतिज्ञा झाल्यावर तीन महिन्यांच्या आत मृत्युपत्र करा! शस्त्र आणि शपथ नाकारल्यामुळे या साध्या माणसांचा नगराच्या अधिकाऱ्यांशी संघर्ष झाला, पोपना मध्ये पडून त्यांना संरक्षण द्यावं लागलं. ज्यांच्या नकाराने राज्यकर्ते अस्वस्थ झाले, त्यांना दुय्यम कसं म्हणणार?

नागासाकीला गोन्सालोंसह जे २६ जण मारले गेले त्यांत ६ फ्रान्सिस्कन होते, ३ जेझुइट होते. उरलेले १७ जपानी प्रापंचिक होते, फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघाशी जोडलेले. कुणी धनुष्य बनवणारा, कुणी स्वयंपाकी, कुणी वैद्य, कुणी दुभाषा, काही तर अगदी कोवळी मुलं. आपल्या वसईकर संताच्या शेजारच्या क्रूसांवर प्रापंचिकच जास्त होते.

१२२१ च्या त्या नियमावलीपाशी अजून थोडं थांबायला हवं, कारण तुमच्या पारखीचा सगळ्यात कठीण भाग तिथे आहे. कर्ज, परत करायची वस्तू, शेजारी, मृत्युपत्र. ही यादी वाचून आपल्या वसईतलं काय आठवतं? वाडीची वाटणी, भावाभावांतली कोर्टकेस, बांध सरकवल्याची तक्रार, बहिणीची सही न घेता झालेला व्यवहार. एकाच चर्चमध्ये एकाच मिस्सेला बसायचं, परमप्रसाद घ्यायचा, आणि एकमेकांना शांती द्यायच्या वेळी चुलतभावाकडे पाठ फिरवायची. तुमच्या घरी असं काही नसेल तर देवाचे आभार. असेल, तर पाचारणाची पारख तिथून सुरू होते. जावेशी बोलणं बंद आहे का? कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत का? माहेरच्या जमिनीबद्दल मनात काय धरून ठेवलंय? सगळं मिटलंच पाहिजे असं नाही, समोरच्याचं मन आपल्या हातात नसतं. पण तुमच्या बाजूने हात पुढे गेलेला असावा. चाळीस दिवस उपवास धरण्यापेक्षा हे अवघड आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे.

तशीच गोष्ट नोकरीची. तुम्ही अकाउंट्स बघता. खोटं बिल चढव, तारीख मागची टाक, अमुक नोंद मार्चआधी दाखवू नको, असं कुणी तुम्हाला सांगत नाही असं मी मानणार नाही. नियमात काम हे देवाचं दान मानलंय, सृष्टी घडवण्यात आणि माणसांच्या सेवेत आपला वाटा मानलाय. तुमच्या वाट्याला आलेली सृष्टी खातेवहीची आहे. तिथे काय करायचं, किती ठाम राहायचं, नोकरी धोक्यात न घालता काय करता येईल, हे प्रश्न घडणीच्या बैठकीत मांडा. ते मांडायला संकोच वाटावा असं तिथलं वातावरण असेल, तर तीही एक माहितीच आहे.

आता मिस्टरांकडे येते. तुम्हाला वाटत असेल मी त्यांना बाजूला सारायला सांगेन. पोप लिओ तेरावे यांनी १८८३ साली दिलेल्या नियमात विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या माहितीशिवाय आणि संमतीशिवाय घेऊ नये, पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचं मत वेगळं पडलं तरच अपवाद, असं स्पष्ट लिहिलं होतं. १९७८ च्या नियमात ती अट नाही, आणि नाही हे बरंच झालं. प्रौढ बाईच्या पाचारणाला परवानगीची चिठ्ठी लागू नये. पण तुमचं लग्न हा संस्कार आहे, तुमचं पहिलं पाचारण तेच आहे, आणि दुसरं पाचारण पहिल्याच्या पाठीमागून चोरपावलांनी येत नाही. मिस्टर जे विचारतात ते अडथळा समजू नका. आईकडे कोण बघणार, मुलीच्या अभ्यासाचं काय, हे प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवे होतेच, ते त्यांनी विचारले. त्यांच्या रागामागे कदाचित एक भीतीही असेल की बायको हळूहळू आपल्यापासून लांब जाईल, आपण तिच्यापुढे कमी धार्मिक ठरू. त्यांना एकदा बैठकीला सोबत न्या. तिथे बसलेली माणसं दुकानदार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आपल्यासारखीच आहेत, हे त्यांना दिसू द्या.

तरीही दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. महिन्यातून एक बैठक म्हणजे घर वाऱ्यावर सोडणं नव्हे. त्या दुपारी त्यांनी स्वतःच्या आईला जेवू घालावं, यात काहीही गैर नाही. सासूबाईंची सेवा हे तुमचं ख्रिस्ती कर्तव्य आणि त्यांच्या मुलाचं मात्र नाही, असं शुभवर्तमानात कुठे लिहिलेलं मला सापडलेलं नाही. हे त्यांना प्रेमाने, पण बोलून दाखवा.

मुलीची दहावी हे मात्र खरं कारण आहे. परीक्षा होईपर्यंत औपचारिक काही सुरू करू नका. एवढ्या अवधीत हाक विरून जाणार असेल तर ती विरलेली बरी.

घडणीला इतका वेळ का, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त सांगून गेला. त्यात थोडा दुखावलेपणा आहे, ‘मी काय नवखी आहे का?’ असा. तुमची रोजची माळ, तुमची मिस्सा अनमोल आहे. पण ती तुम्ही एकटीने निवडलेली आणि एकटीने सांभाळलेली आहे. इथे तुम्ही न निवडलेल्या माणसांबरोबर चालायचं आहे. एक ताई खूप बोलणार, एक अंकल दर वेळी तोच मुद्दा काढणार, कुणाला तुमची राजकीय मतं पटणार नाहीत. त्यांना भाऊबहीण म्हणायला शिकणं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि तो पुस्तक वाचून उरकत नाही. नियमाने प्रवेशाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी ओळखीचा काळ, मग किमान एक वर्षाची घडण, मग प्रतिज्ञा. किमान एक वर्ष ही खालची मर्यादा आहे, म्हणून तुमच्या फ्रॅटर्निटीने जास्त वेळ सांगितला तर त्यात अविश्वास नाही. आणि ती प्रतिज्ञा आयुष्यभरासाठी असते. सिस्टर होणाऱ्या मुलीला आपण वर्षानुवर्षं थांबायला लावतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. प्रापंचिकाच्या प्रतिज्ञेला तेवढाच मान द्यायचा तर वेळही द्यायला हवा.

शिवाय पारख तुम्ही एकट्या करत नाही. फ्रॅटर्निटीचं कौन्सिल तुमच्या अर्जावर निर्णय घेतं, आणि प्रतिज्ञा स्वीकारणारा मिनिस्टर, म्हणजे फ्रॅटर्निटीचा प्रमुख, तुमच्यासारखाच प्रापंचिक असतो. आध्यात्मिक साहाय्यक फादर सोबत असतात, पण फ्रॅटर्निटी चालवतात प्रापंचिक. त्यांनी ‘थोडं थांबा’ किंवा ‘हा रस्ता तुमचा वाटत नाही’ असं म्हटलं तर बारावीनंतरचा तो नकार पुन्हा उसळून वर येईल. तयारी ठेवा. पप्पांचा नकार आणि समुदायाने प्रार्थनापूर्वक काढलेला निष्कर्ष या वेगळ्या गोष्टी आहेत.

पण समुदाय तुम्हाला पारखतो तसं तुम्हीही त्याला पारखा. काही ठिकाणी प्रापंचिकांच्या घडणीच्या नावाखाली नवशिक्या सिस्टरांचंच वेळापत्रक पातळ करून दिलं जातं: अमुक प्रार्थना, तमुक नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), आणि प्रपंचाबद्दल चकार शब्द नाही. तिथे रमलात तर घरी अपराधी वाटत राहील आणि संघातही. कुणी घाई करत असेल, पैशांचा आग्रह धरत असेल, एखाद्या व्यक्तीच्या शब्दाला देवाचा शब्द मानायला सांगत असेल, धर्मग्रामापासून, म्हणजे आपल्या चर्चच्या समाजापासून, तोडत असेल, घरी सांगू नका म्हणत असेल, तर तिथून सरळ बाहेर पडा. आणखी एक काळजी घ्या. मन उघडं करण्यासाठी असा मार्गदर्शक निवडा ज्याच्या हातात तुमच्या प्रवेशाचा निर्णय नाही. नाहीतर चांगलं दिसण्याच्या नादात तुम्ही खरं बोलणार नाही.

फ्रान्सिस्कन हाच एक रस्ता आहे असंही नाही. मौनाची, मनन-प्रार्थनेची ओढ जास्त असेल तर प्रापंचिक कार्मेलाइट आहेत. तरुणांमध्ये काम करायचं असेल तर सेल्सियन सहकारी आहेत. गरिबांच्या घरी जायचं असेल तर संत विन्सेंट दि पॉल संस्था बहुतेक धर्मग्रामांत आहे, आणि तिच्यात यायला आयुष्यभराची प्रतिज्ञा लागत नाही. आत्ताच पाहून घ्या, कारण एका धर्मकुटुंबाशी कायमचं बांधून घेतल्यावर दुसऱ्याशी तसं बांधून घेता येत नाही. आणि शेवटी लक्षात आलं की संसार, नोकरी, धर्मग्राम एवढंच तुमचं पाचारण आहे आणि तेच आता डोळसपणे जगायचं आहे, तर ती हार समजू नका.

पुढच्या बैठकीला पाहुणी म्हणून जा. अर्ज मागू नका. चहाच्या वेळी मिनिस्टरना तीन गोष्टी विचारा: घडणीच्या बैठकीत नोकरीबद्दल आणि घराबद्दल बोलायला जागा असते का, गेल्या काही वर्षांत कुणी मध्येच थांबलं का आणि त्यांच्याशी आता संबंध कसे आहेत, आणि सदस्यांपैकी कुणी आजारी पडलं तर बाकीचे काय करतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना त्यांना माणसांची नावं आठवतात का, तिकडे लक्ष ठेवा.